डावीकडचं फूल

नाही सर, पुस्तक नको. पुस्तक वाचून भागणार असतं तर या उन्हात, मंडी मोहल्ल्यातून दोन बस बदलून, हिनकलपर्यंत आले असते का मी? — ठेवा ते परत कपाटात. पुस्तकं ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांना द्या. माझ्याकडे उद्या सकाळी नऊपर्यंतचा वेळ आहे, आणि तेवढ्यात तुम्ही मला पक्कं करून द्यायचं की देव नाही. एवढंच. चर्चा नको, दोन्ही बाजू नकोत. तुम्ही कॉलेजात मुलांना गणित सोडवून खाली दोन रेघा मारून देत असाल ना, तसं. मारा दोन रेघा. मी उठून जाते.

नको, कॉफी राहू दे. बाई घरात नाहीत म्हणालात ना? बरंच झालं, खरं सांगते. बायकांना दुसऱ्या बाईच्या तोंडावरून कळतं कुठे खोटं आहे ते, मग मला बोलताच आलं नसतं. — तुमची तीन भाषणं ऐकली मी, लायब्ररीच्या हॉलमध्ये, अगदी मागच्या रांगेत बसून. तुम्ही कन्नडात फार छान बोलता. पण शेवटी कुणाशी तरी मराठीत बोललात, ‘छत्री विसरलात’ म्हणून, तेव्हा मी म्हटलं, अरे, हे आपले! माझं हे सगळं कन्नडात सांगून होणार नाही सर. कन्नडात मी भाजी घेते, भांडते, तीस वर्षं नोकरी केली. पण रडायला आमच्या घरात मराठीच लागते. — तर तुम्ही म्हणालात, लोक देवाला मानतात ते भीतीपोटी. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी नाही वाजवल्या. मी बसमध्ये विचार करत गेले — मला तर देव नसावा असं वाटतं, तेच भीतीपोटी. असं तुमच्या हॉलमध्ये कधी कुणी उठून म्हणालं? नाही ना?

मी वेदवती. आमचे पूर्वज इथल्या महाराजांच्या फौजेत आले, तलवारी गेल्या आणि आम्ही इथेच राहिलो, तसल्या घरातली. रेशीम कारखान्यात होते. साड्या तपासायचं काम — साडी उजेडात धरायची, तुटलेला धागा, सुटलेली जर, गाठ, काय असेल ते शोधून खडूनं खूण करायची. तीस वर्षं. हे का सांगते? कारण पुढे तुम्ही मला म्हणणार आहात की बाई, तुमची बघण्यात चूक झाली असेल. म्हणून आधीच सांगते. माझ्या डोळ्यातून धागा सुटत नाही सर. मग फूल कसं सुटेल?

लोकांना वाटतं मुलगा गेला म्हणून मी देव सोडला. आमच्या बीदीत, अख्ख्या गल्लीत, सगळ्यांना तेच वाटतं. त्यात काही चुकीचं नाही, पुष्कळ लोक सोडतात, आणि पुष्कळ लोक त्याच कारणानं धरतात — आमच्या घरातच बघा, एकाच मरणानं सुनेनं धरला आणि सासूनं सोडला. पण मी रागानं नाही सोडला. मला सोडायला हवाच होता. आणि सुटत नाही, हीच तर गोष्ट! आयो देवरे, तीन वर्षं — बघा, बघा, हे असं होतं. तोंडातून जातच नाही. मी दिवा लावायचा बंद केला. अंघोळीआधी खाल्लं. ग्रहणात मुद्दाम पुऱ्या तळून खाल्ल्या, पोट दुखलं, तेव्हा म्हटलं तेलानं दुखलं. देवीचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. हसाल तुम्ही — दुपारी झोपले तर मनात आलं, असं भिंतीला नाक लावून तिला उकडत असेल. उठून सरळ केला. नसलेल्याला उकडतं का सर? असं कसं नास्तिक व्हायचं?

सांगते, सांगते. सुरुवातीपासून सांगते.

माझे यजमान रणोजीराव. त्रेचाळीस वर्षांचे होते. ऑफिसला निघाले, बुटाची नाडी बांधायला वाकले, ते तसेच पुढे पडले. लोक म्हणाले हार्ट अटॅक. आम्हीही तेच म्हणत राहिलो. भुवन तेव्हा चौदाचा. मी त्याला वाढवला — एकटीनं नाही म्हणणार, आमच्या गल्लीच्या टोकाला भवानीअम्माचं देऊळ आहे, लहानसं, ती आणि मी असं मिळून वाढवला. रोज संध्याकाळी कारखान्यातून येताना तिच्याशी बोलायचे. हार ओवायचे, पितळ घासायचे. मागायचे नाही हो काही, नुसती बोलायचे. आज भुवनला ताप आहे. आज त्यानं उलट उत्तर दिलं. आता तुमच्यासमोर बसलेय ना, अगदी तशी. तीही तुमच्यासारखीच, ऐकून घ्यायची.

मग भुवनचं लग्न झालं, काव्या आली, यशस्विनी झाली. आणि छत्तिसाव्या वर्षी त्याच्या पाठीत दुखायला लागलं. तपासलं तर कळलं, हृदयातून जी मोठी नळी निघते ना, ती फुगलीय. वाडग्याएवढी. डॉक्टरांनी रणोजीरावांचं विचारलं, मी बुटाच्या नाडीचं सांगितलं, तर ते म्हणाले, अम्मा, तुमच्या मिस्टरांची हीच नळी फुटली असणार, हे घराण्यात येतं. वीस-बावीस वर्षांनी मला कळलं माझा नवरा कशानं गेला. — ऑपरेशन करायचं तर शंभरातले पाच-सहा परत येत नाहीत. नाही करायचं तर उद्या फुटेल, नाहीतर दहा वर्षं फुटणारही नाही. निवडा.

भुवन घाबरला. मोठा इंजिनियर माणूस, घाबरून लहान झाला. काव्या म्हणाली करूया. ती तेव्हा देवळात जायची नाही बरं का, चप्पल सांभाळत बाहेर उभी राहायची, मोबाईल बघत. पण भुवननं मला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हणाला, “अम्मा, तू प्रसाद विचार. उजवं पडलं तर करतो, डावं पडलं तर नाही करत. मला ठरवता येत नाहीये.”

प्रसाद माहीत आहे ना तुम्हाला? तिकडे महाराष्ट्रात कौल म्हणतात म्हणे. भवानीअम्माच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एक-एक ओलं फूल चिकटवायचं, मनात प्रश्न धरायचा आणि बघत बसायचं. उजव्या खांद्यावरचं पडलं की हो. डाव्या खांद्यावरचं पडलं की नाही. — उजवा म्हणजे अम्माचा उजवा, आपला नाही. मला माहीत आहे हो! मी लहानपणापासून बघतेय, तिथे माझा गोंधळ नाही झालेला.

तर भुवन गाडीत बसून राहिला, कारण त्याला पायऱ्या चढायची बंदी होती. काव्या त्याच्याजवळ. मी आत. भट्टरांनी, म्हणजे पुजाऱ्यांनी, फुलं लावली, आरती केली, आणि तेवढ्यात मंडपात एक नवरा-नवरी आली आशीर्वादाला, तर ते तीर्थ द्यायला तिकडे गेले. गाभाऱ्यासमोर मी एकटी. दहा मिनिटं, वीस मिनिटं. दिव्याचा उजेड, तेलाचा वास, मी डोळे मिटले नाहीत, नुसती बघत होते, साडी बघावी तशी. आणि पडलं.

डावीकडचं.

हळूच पडलं हो. आवाज नाही, काही नाही. खांद्यावरून घसरलं, पायाशी आलं. — आणि मग मी काय केलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. भट्टरांना नाही, काव्याला नाही, त्या अम्मालाही परत कधी तोंडानं नाही. तुम्हालाही सांगायचं नव्हतं. मी ठरवून आले होते की नुसतं विचारायचं, देव आहे का नाही, उत्तर घ्यायचं आणि जायचं. — मी उंबरा ओलांडला सर. गाभाऱ्याचा. बायकांनीच काय, भट्टरांशिवाय कुणीच ओलांडायचा नसतो तो. आत गेले, पडलेलं फूल उचललं, पाण्यात बुडवलं, तिच्या डाव्या खांद्यावर परत दाबून बसवलं. आणि उजवीकडचं ओढून काढलं आणि तिच्या पायाशी टाकलं. ह्या हातानं. दगड गार होता. इतकी वर्षं बोलले तिच्याशी, हात पहिल्यांदाच लागला. मग बाहेर येऊन हाक मारली — “भट्टरे, बलगडे!” उजवीकडे म्हणून! ते धावत आले, बघितलं, म्हणाले, फार चांगलं झालं, अम्मानं भरभरून दिलं. नवरा-नवरीनं पण नमस्कार केला. मी ते फूल घेऊन गाडीपाशी गेले. भुवननं ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि हसला. आठ दिवसांनी पहिल्यांदा हसला.

भीती वाटली का? नाही! तेच तर! तेव्हा मला देव आहे की नाही असलं काही सुचलंच नाही. मला नाडी दिसत होती, आणि वाकलेला माणूस. मी म्हटलं, तुला कळत नाही अम्मा, मी बघते. सासूला म्हणावं तसं.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं, डॉक्टर बाहेर येऊन बोलले. तिसऱ्या दिवशी पहाटे रक्त सुटलं आत, आणि गेला. डॉक्टरांवर माझा काही आक्षेप नाही, ते बिचारे स्वतः रडायच्या घाईला आले होते. पाच-सहा जातात म्हणालेच होते, त्यांतला एक माझा.

आता काढा गणित सर. देव नसेल, तर ते नुसतं एक ओलं फूल होतं, घसरलं, मी उचललं, काही झालं नाही. मुलगा गेला तो त्या पाच-सहात गेला. मी एक आई आहे जिचा मुलगा गेला. अशा पुष्कळ आहेत, रडते, जगते. पण देव असेल — तर तिनं मला सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं, नको म्हणून. आणि मी तिचा हात पिरगाळून हो करून घेतलं आणि माझ्या मुलाला माझ्या हातानं त्या टेबलावर झोपवलं. कळलं आता, मला देव का नकोय?

नाही, थांबा, तुम्ही म्हणता ते मी स्वतःला हजारदा म्हणून झालंय. अर्धं-अर्धं, नाणं उडवल्यासारखं. हौदू, मान्य. पण अर्ध्यात डावं पडतं, तर त्या अर्ध्यात ती बोलली नसेल कशावरून? — आणि काय म्हणालात? असा कसा देव असेल जो आईच्या चुकीसाठी मुलाला मारतो? वा सर! हेच तुमचं भाषणातलं मला पटत नाही. देव वाईट वागला की तुम्ही म्हणता, म्हणजे तो नाहीच. का? चांगला असेल तरच असणार, असं कुणी तुम्हाला लिहून दिलंय? माझ्या सुपरवायझरनं एकदा चुकलेल्या एका साडीसाठी अख्ख्या रांगेला उभं केलं होतं. तो होता की नव्हता? होताच की. आमच्या डोक्यावर बसलेला होता. तशीच कुणी असेल वरती, मनात धरून ठेवणारी. तशी नाही हे मला सिद्ध करून द्या. चांगला देव नाही हे सोपं आहे हो, ते कुठलीही आई सांगेल. वाईट देव नाही, ते सांगा.

आणि काव्या — थांबा, फोन. तीच आहे. एक मिनिट.

हां, बोल ग. — मी ना, देवराज मोहल्ल्यात आलेय, शिंप्याकडे, तो ब्लाउज द्यायचा होता ना. — हो. — उद्यासाठी फुलं? शेवंती, दोन. हो, एकसारखी, ताजी, देठ असलेली. बघून घेते. — यशू जेवली का? — दे तिला. काय ग पुट्टी? — असं नाही म्हणायचं. — फुलाला काय माहीत असणार बाळा, फूल ते. — आले की सांगते. ठेव.

बघितलंत? किती सहज आलं तोंडात, शिंपी, ब्लाउज. तीन वर्षांत खोटं बोलायला चांगली शिकले. — तुम्हाला ऐकू गेलं का पोरगी काय म्हणाली? म्हणाली, अज्जी, फुलाला आधीच माहीत असतं का, की पडताना ठरवतं? तेरा वर्षांची आहे. तुमच्या हॉलमधल्या एकानंही असा प्रश्न विचारला नसेल.

तर काव्या. भुवन गेल्यावर मला वाटलं ती वेडी होणार. तेरा दिवस एकच — मीच म्हणाले होते ऑपरेशन करूया, मीच मारलं, मीच सही केली. भिंतीवर डोकं आपटायची. आणि चौदाव्या दिवशी भुवनच्या शर्टाच्या खिशात तिला ते फूल सापडलं, वाळलेलं. माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, “अत्ते, अम्मानं हो म्हटलं होतं ना? तुम्ही स्वतः बघितलंत ना?” मी काय म्हणणार? सांगा, तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? — मी म्हटलं, हो, बघितलं. तर ती खाली बसली आणि म्हणाली, “मग आपलं काही चुकलं नाही. तिला तो हवा होता, तिनं नेला.” आणि त्या दिवसापासून जेवायला लागली. सर, देवळाबाहेर चप्पल सांभाळणारी मुलगी आता पहाटे उठून तिथे रांगोळी काढते. त्या फुलावर उभी आहे ती. त्याच फुलाखाली मी चिरडतेय. एकाच फुलावर आम्ही दोघी, आणि एका घरात राहतो, एका ताटलीतून मुरमुरे खातो. तिला जगायला ती अम्मा असायला हवी. मला जगायला नसायला हवी. कुणाचं खरं करणार तुम्ही?

हां. उद्या. उद्याचं सांगते.

यशूची पण नळी फुगलीय. दर सहा महिन्यांनी मापायचे, या वेळी एकदम वाढली. डॉक्टर म्हणतात आता थांबायचं नाही, पोर लहान आहे तोवर करून टाकू, लहान मुलांचं चांगलं होतं, शंभरात दोन-तीन सोडले तर सगळी हसत घरी जातात. पुढच्या सोमवारची तारीख दिलीय. आणि काव्या म्हणते, प्रसाद विचारूया. उद्या नऊला. “अम्मा सांगेल ते करायचं, अत्ते, मी दुसरं काही ऐकणार नाही. उजवं पडलं तर निश्चिंत मनानं देईन पोरीला. डावं पडलं तर कुणीही कितीही सांगितलं तरी सही करणार नाही.” आणि करणार नाही ती. मला माहीत आहे.

सांगून टाका म्हणता? खरं सांगून टाका, सुनेला? सर, तुम्ही इतके शिकलेले — नीट बघा ना जरा! मी तिला सांगितलं की त्या दिवशी डावं पडलं होतं, तर ती काय म्हणेल? ती म्हणेल, अम्मा बरोबर होती! अम्मानं नको म्हटलं होतं आणि तो गेलाच! मग तर दगडावरची रेघ झाली ती. मग उद्या डावं पडलं तर तुम्ही, मी, डॉक्टर, सगळं जग एका बाजूला झालं तरी पोर घरातच राहणार. आणि एक दिवस नाडी बांधायला वाकणार. — मी खरं बोलले तर देवी खरी होते. मी खोटं बोलत राहिले तरी देवी खरीच राहते. अशी कोंडी मी तरी दुसरी बघितली नाही.

मग राहिलं काय? मी उद्या तिच्याबरोबर आत जाणार. ती डोळे मिटून बसते, पाच-पाच मिनिटं उघडत नाही. भट्टर आता म्हातारे झालेत, अर्धा वेळ खांबाला टेकून असतात. डावं पडलंच, तर मी उंबरा ओलांडू शकते. एकदा केलंय. पण सर, हा हात बघा. मागच्या वेळी ह्यानं फूल हलवलं आणि मुलगा गेला. आता हलवलं आणि पोरगी — म्हणून आलेय मी तुमच्याकडे. मला काही ज्ञान नकोय. ह्या हाताला तेवढं सांगा, की तिथे कुणी नाही, तो दगड आहे, खांदा दगडाचा आहे. पाच मिनिटांपुरतं सांगा. परत आल्यावर माझं मी बघेन.

काय? — शंभर टक्के म्हणता येत नाही? असं कसं? हॉलमध्ये तर — हो, विज्ञान, पुरावा, ते मला समजलं. पुरावा नाही एवढंच म्हणता येतं, शंभर टक्के कशाचंच म्हणता येत नाही. मग किती टक्के? नव्व्याण्णव? आणि त्या एका टक्क्याचं मी काय करू सर? तुमच्यासाठी तो एक आकडा आहे. माझी नात त्यात बसलीय, तेरा वर्षांची, दोन वेण्या घालून!

— रडत नाहीये. पाणी द्या थोडं.

एक करा मग. तुम्ही या उद्या. खरंच सांगते. मी म्हणेन हे आमच्या ओळखीचे, गुंडेराव सर, दर्शनाला आलेत. तुम्ही माझ्या शेजारी उभे राहा, आणि डावं पडलं तर तुम्ही हलवा. तुमच्या हाताला तर काही होणार नाही ना? तुमच्यासाठी तर फूल म्हणजे फूल. — का? तत्त्वाचा प्रश्न कसला त्यात? फसवणूक, हो, फसवणूकच की. एका पोरीचा जीव वाचवायला एका दगडाची फसवणूक. तुमच्या हिशोबानं तर फसायला तिथे कुणी नाहीच! — बोला ना. मान खाली का घातलीत? — असू दे. असू दे सर. मी तुम्हाला पकडायला नाही आले. तुमच्या मनात काय असेल ते असो, मला त्यावर काही म्हणायचं नाही.

मग मला दुसरं सांगा. तुम्ही फिजिक्सचे ना? देव-बिव सोडा, सुम्ने, नुसतं एक गणित सांगा. हात न लावता उजवंच पडायला काय करायचं?

— नाही, मी गंमत करत नाहीये. भट्टर आधी उजवीकडचं फूल लावतात, मग डावीकडचं, कायम. फुलं मी ताटात ठेवते, मी ठेवीन त्या क्रमानं ते उचलतात. तर पहिलं कसं घेऊ, दुसरं कसं घेऊ? — थांबा, थांबा, हळू सांगा. पेन असेल तर द्या. — पहिलं भरगच्च. पाकळ्या दाट, पाणी पिऊन जड होईल असं. देठ जाड, लांब, म्हणजे वजन बाहेर ओढतं. बरं. — दुसरं चपटं, लहान, देठ अगदी मुळाशी खुडलेला, म्हणजे दगडाला पाठ पूर्ण टेकते. आणि पाठीला थोडं गंध? चंदनाचं? वाळलं की धरून ठेवतं. हां. हे कळलं. हे मला जमेल. साडीच्या जड पदरासारखंच आहे की, जिकडे जर जास्त तिकडे साडी सरकते. — एकसारखी दिसायला हवीत, काव्या बघेल. ते मी करते.

म्हणजे मोठं जे, ते पडतं. एवढंच? वजन जास्त त्याचं?

— थांबा हं.

त्या दिवशीची फुलं माझ्या कुंडीतली होती. दोन उमललेली. एक चांगलं टपोरं, एक जरासं किडलेलं. मी — मी किडलेलं आधी ठेवलं ताटात. हो. आठवतंय मला, टपोरं मागे ठेवलं, किडकं पुढे. म्हणजे टपोरं डावीकडे लागलं. म्हणजे ते पडणारच होतं! सर! कुणी काही बोललंच नाही मग? नुसतं टपोरं होतं म्हणून? तीन वर्षं मी — अय्यो, तीन वर्षं, एका टपोऱ्या फुलासाठी — नाही, हसू द्या मला, जरा हसू द्या. तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत? त्या तीन भाषणांत एकदा तरी देठाचं सांगायचं होतं!

…

पण मी तसं का ठेवलं?

नाही, म्हणजे — चांगलं फूल कोणीही आधी ठेवतं ना? देवाला आधी चांगलं देतात. चाळीस वर्षं मी चांगलं आधी ठेवत आलेय. त्याच दिवशी माझा हात किडक्याकडे आधी का गेला? — योगायोग. हो. म्हणा तुम्ही योगायोग. तुम्हाला ते म्हणता येतं, किती बरं आहे.

असू दे. निघते मी. बाजार उघडा आहे तोवर फुलं बघायला हवीत, एक भरगच्च, एक चपटं. सुटणार नाही ती अम्मा मला कधी, कळलं मला आज, इथे बसून कळलं. नाही सुटत तर नाही. असेल ती तर असू दे, बघत असेल तर बघू दे, मी तिच्यासमोर उद्या ताट धरीन आणि पहिलं फूल जड असेल. पुढचं तिचं आणि माझं. — नको, सोडायला येऊ नका, स्टॉप मला माहीत आहे. कागद घेतला. पाण्याबद्दल, सगळ्याबद्दल, उपकार झाले. बाईंना नमस्कार सांगा.

— काय म्हणालात?

इतकं करूनही डावं पडलं तर?

…

हे तुम्ही विचारताय सर?

तुम्ही?

…

नका सांगू. काही सांगू नका आता. दार मी ओढून घेते.